सँपल फ्लॅटचा ओटा

सँपल फ्लॅटमधला पलंग खऱ्या पलंगापेक्षा नऊ इंचांनी आखूड असतो. गिऱ्हाइकाला हे कधीच कळत नाही, कारण परक्या घरात पलंगावर आडवं होऊन बघायची माणसाला लाज वाटते. तो काठावर टेकतो, गादी हातानं दाबून बघतो आणि बायकोला सांगतो, "कमरा बड़ा है।" खोली मोठी नसते, पलंग लहान असतो. असे पलंग मी करून घेत असे आणि मला त्याचा अभिमान होता, हे आधीच कबूल करून टाकते.

दोन हजार साल उलटून पाच-सहा वर्षं झाली होती. जयपूरच्या चारी बाजूंना फ्लॅटच्या इमारती उठत होत्या. तोवर इथला माणूस एक तर चारदीवारीतल्या, म्हणजे तटाच्या आतल्या जुन्या शहरातल्या, गल्लीत राहायचा, नाहीतर स्वतःच्या प्लॉटवर घर बांधायचा. फ्लॅट म्हटलं की तो नाक मुरडायचा. त्याला वळवायचं तर डोळे दिपवायला हवेत, म्हणून बिल्डर लोक इमारतीत काय काय घालायचे! पोहण्याचा तलाव, जिम, क्लब हाउस, घरोघरी इंटरकॉम, वीज गेली तर जनरेटर. आणि लॉबी. लॉबी तर राजवाड्याची हवी. लाल दगडाची जाळी, भिंतीत बसवलेले आरशांचे तुकडे, वर झुंबर, मधोमध पितळी घंगाळात पाणी आणि त्यावर गुलाबाच्या पाकळ्या. पाकळ्या रोज बदलायच्या, हेसुद्धा मीच लिहून दिलं होतं.

मी तेव्हा पंचवीस-सव्वीस वर्षांची होते. इंटिरियरचा डिप्लोमा करून तीन माणसांच्या एका ऑफिसात लागले होते. खातीपुऱ्याच्या पुढे उभ्या राहणाऱ्या एका इमारतीची लॉबी आणि सँपल फ्लॅट हे माझ्या एकटीच्या नावावर मिळालेलं पहिलं काम. मी त्यात जीव ओतला. जीव ओतला म्हणजे काय केलं? तर आतल्या खोल्यांना दारंच लावली नाहीत, म्हणजे नजर कुठे अडत नाही. कपाटं दीड फूटच खोल केली. जेवणाचं टेबल काचेचं घेतलं, कारण काच जागा खात नाही. हॉलची एक अख्खी भिंत आरशाची केली. सोफा इतका बुटका घेतला की छत उंच वाटावं. राहायला आलेल्या माणसाला यातलं काहीही सोयीचं नव्हतं, पण सँपल फ्लॅटमध्ये राहायला येतं कोण?

लाकूडकाम करायला चारदीवारीतले एक म्हातारे मिस्त्री होते. कानावर पेन्सिल, बोलणं मोजकं आणि हट्ट भारी. त्यांची एक पद्धत होती. कुठल्याही घरात स्वयंपाकाचा ओटा करायच्या आधी ते घरच्या बाईला अनवाणी भिंतीशी उभं करायचे, हात कोपरात मुडपायला सांगायचे आणि कोपर येईल तिथे पेन्सिलीनं रेघ मारायचे. मग त्या रेघेपासून आठ बोटं खाली दुसरी रेघ. दुसऱ्या रेघेवर ओट्याचा दगड बसायचा. टेप, नकाशा, माझी ड्रॉइंग, सगळं त्यानंतर.

माझ्या ड्रॉइंगमध्ये ओटा पुरता छत्तीस इंच उंच होता. काळा ग्रॅनाइट, चार बर्नरची शेगडी त्यात खाली बसवलेली, खाली ओव्हन. बिल्डरनं परदेशी कॅटलॉगमधला फोटो दाखवून तसाच्या तसा मागितला होता आणि फोटोत तो खरोखर देखणा दिसायचा.

मिस्त्रीजींनी ड्रॉइंग पाहिलं आणि विचारलं, "बाईसा, नाप किसका लिया?"

माझी जीभ तेव्हा फार चालायची. मी म्हटलं, "किसी का नहीं। यहाँ रोटी बनानी किसको है? फोटो खिंचवानी है।"

"घर है तो रोटी भी बनेगी," ते म्हणाले आणि कामाला लागले. छत्तीस इंच म्हणजे छत्तीस इंच, त्यांनी एक सूतही कमी-जास्त केलं नाही.

आमचं बिऱ्हाड तेव्हा रेल्वे क्वार्टरमध्ये होतं. बाबा मालगाडीचे गार्ड. वर्ध्याकडून बदली होऊन इथे आले तेव्हा मी पाच वर्षांची होते. मी बाहेर हिंदी बोलत मोठी झाले, पण घरात आईनं आपली वऱ्हाडी सोडली नाही आणि ज्वारीही सोडली नाही. दर वर्षी काका गोणीत भरून ज्वारी पाठवायचे. रात्री बाबांना भाकर लागायची. ड्यूटीवर जाताना डब्यातही भाकरच.

आईची उंची चार फूट नऊ इंच. क्वार्टरमधला ओटा जुना, कोटा फरशीचा, इतका बुटका की मला त्यावर काही चिरायचं तर कंबर मोडायची. आईला तो बरोबर होता. ती परात ओट्यावर ठेवायची, पिठाचा गोळा मनगटाच्या जोरानं रगडायची, अख्ख्या अंगाचा भार त्यावर टाकायची आणि मग थापायला घ्यायची. तो आवाज शेजारच्या क्वार्टरपर्यंत जायचा. शेजारच्या राजस्थानी मावशी बाजरीची रोटी दोन हातांत उभ्या उभ्या वळायच्या, त्यांना आईच्या थापण्याचं फार हसू यायचं. भाकर थापायला वरून जोर लावावा लागतो. ओटा उंच असेल तर हात नुसतेच फिरतात, भार पडत नाही. हे मला आता कळतं. तेव्हा मी स्वयंपाकघरात फक्त खायला जायचे.

बाबांची निवृत्ती जवळ आली होती. क्वार्टर सोडावं लागणार होतं आणि पुढे कुठे राहायचं हे ठरत नव्हतं. बाबा वर्ध्याला परत जायचं म्हणायचे. आई म्हणायची, पोरगी इथे तर आपण इथेच.

सँपल फ्लॅट तयार झाला तेव्हा एका रविवारी मी दोघांना बघायला घेऊन गेले. आईनं लग्नकार्याची साडी नेसली. लॉबीच्या पायरीशी आली, आतला चकचकीत संगमरवर पाहिला आणि तिनं चपला काढून हातात घेतल्या. बिल्डरची माणसं बघत होती. मी दात-ओठ खाऊन म्हटलं, "आई, चपला घाल." तर ती म्हणाली, "काहून वं? एवढं सोन्यासारखं केलं तुनं, अन् मी चपला घालून जाऊ?" आणि अनवाणीच आत गेली. मला लाज वाटली होती. आज मला तिच्या त्या हातातल्या चपलाच आठवतात.

फ्लॅटमध्ये तिनं एकेका वस्तूला हात लावून पाहिला. पडद्याला, आरशाला, ओट्याच्या ग्रॅनाइटला. "हे समदं तुनं केलं?" असं प्रत्येक खोलीत विचारलं, आणि मी प्रत्येक खोलीत हो म्हटलं. बाबा हॉलच्या मधोमध उभे राहून चौफेर पाहत होते आणि त्यांच्या मिशीखाली हसू होतं. मला वाटलं, झालं, पोरीचं काम पाहून बाप खूश आहे. एवढंच वाटलं.

निवृत्तीच्या दिवशी बाबा गळ्यात हार घालून घरी आले. देवापुढे पेढे ठेवले आणि खिशातून एक किल्ली काढून आईच्या हातात दिली. आईला आधीच माहीत होतं, फक्त मला नव्हतं. दोघांनी मिळून माझ्यापासून लपवून ठेवलं होतं. त्यांनी फ्लॅट घेतला होता. कुठला फ्लॅट? तोच, सँपल फ्लॅट. पलंग, सोफा, काचेचं टेबल, आरसा आणि ओट्यासकट.

माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो "का?"

"का म्हंजे?" बाबा म्हणाले. "बाकीचे फ्लॅट काय, कोणीबी बांधले. हा तुह्या हातचा आहे."

मी दुसऱ्या दिवशी बिल्डरकडे गेले. तो हसत सुटला. म्हणाला, "मैडम, आपके पिताजी को आपका काम इतना पसंद आया कि दूसरा फ्लैट देखने को तैयार ही नहीं हुए।" वरच्या मजल्यावर तसाच रिकामा फ्लॅट होता. बदलून देतो म्हणाला. मी घरी येऊन बाबांना सांगितलं की वरचा घेऊ, उजेड जास्त आहे, मी नव्यानं सगळं करून देईन. बाबांचा चेहरा उतरला. आई म्हणाली, "अवं, नवं कायले? हे काय वाईट आहे?"

तेव्हा सांगायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. आई, ते घर खोटं आहे. लोकांना भुलवायला केलंय मी ते, तुमच्यासाठी नाही. पण ज्या कामाचं मला आयुष्यात पहिल्यांदा कौतुक झालं होतं ते काम म्हणजे फसवणूक, हे आईबापापुढे कबूल करायला माझा धीर झाला नाही. धीर झाला नाही असंही नाही, अहंकार आडवा आला. मी म्हटलं, "ठीक आहे, तुमची मर्जी." त्यांना वाटलं मला संकोच होतोय.

राहायला जाताना मी खोल्यांना दारं लावून घेतली, तेवढंच. पलंग बदलू म्हटलं तर आई नको म्हणाली. महिन्याभरात बाबा हॉलमधल्या दिवाणावर झोपायला लागले. सहा फुटांचा माणूस, पलंगावर पाय बाहेर लोंबायचे. पण मला त्यांनी सांगितलं, रात्री बातम्या बघता बघता तिथेच डोळा लागतो. कपाटात हँगर आडवे राहत नव्हते, तिरके टांगावे लागत. आई म्हणाली, तिरके असले की कपडे लवकर दिसतात. काचेच्या टेबलावर गरम भांडं ठेवायची तिला भीती वाटायची, तर म्हणे खाली सतरंजी टाकून जेवलेलं पोटाला बरं. त्या घरातल्या माझ्या प्रत्येक चुकीसाठी त्या दोघांनी एकेक कारण शोधून ठेवलं होतं आणि मी आले की माझ्या हातात ठेवत होते. मीही ती कारणं मुकाट्यानं घेतली.

सहा महिन्यांत मला गुडगावला मोठ्या ऑफिसात नोकरी लागली. मुलाखतीला मी त्याच सँपल फ्लॅटचे फोटो नेले होते. ओट्याचा फोटो सगळ्यात वर होता.

मग दीड-दोन महिन्यांनी घरी यायचं, दोन दिवस राहायचं. पहिल्या फेरीतच लक्षात आलं की ताटात भाकर नाही. विचारलं तर आई म्हणाली, "औंदाची ज्वारी मेली बेकार, थापली का फाटते." पुढच्या फेरीत म्हणाली, बाबांना डॉक्टरनं गहू खायला सांगितला. बाबा मान खाली घालून पोळी खात होते. पोळ्याही कुठे जाड कुठे पातळ. आईच्या पोळ्या अशा कधी नसायच्या. वय झालं, असं मी ठरवून टाकलं. ती छप्पन्न वर्षांची होती.

एकदा मी हट्टच धरला. म्हटलं, मला उद्या भाकर हवीच, जशी जमेल तशी कर. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर आई घरात नव्हती. गॅलरीतून खाली पाहिलं. पोहण्याच्या तलावाच्या कडेकडेनं, डोक्यावर पदर घेऊन, फडक्यानं झाकलेली परात दोन्ही हातांत धरून आई चालत येत होती. इमारतीच्या मागे, जनरेटरच्या पलीकडे वॉचमनची खोली होती. त्याच्या बायकोची चूल जमिनीवर होती.

आई वर आली. भाकरी गरम होत्या, कडा छान सुटलेल्या, अगदी क्वार्टरमधल्यासारख्या. म्हणाली, "तिले शिकवून राहिली मी भाकर. बिचारी शिकवा शिकवा म्हणते."

आणि मी काय केलं? मी तिला बोलले. म्हटलं, "इथे लोक काय म्हणतील? एवढं किचन करून दिलंय आणि तू वॉचमनच्या खोलीत जाऊन भाकरी थापतेस? सोसायटीतले लोक तलावावर बसलेले असतात, त्यांच्यासमोरून परात घेऊन येतेस?" आई एकदाच म्हणाली, "चुकलं माह्यं." आणि ताट वाढलं. मी त्या भाकरी खाल्ल्या. तीन खाल्ल्या. त्यानंतर मी जाईपर्यंत आणि पुन्हा कधीच आई परात घेऊन खाली गेली नाही, असं बाबांनी नंतर सांगितलं.

त्याच वर्षी तिचा उजवा हात मनगटात मोडला. फोनवर म्हणाली, न्हाणीत पाय घसरला. मी धावत आले. कधी नव्हे ते मुलगी म्हणून आणि डिझायनर म्हणूनही माझं रक्त उसळलं होतं. चार दिवस रजा काढून मी अख्खी न्हाणी बदलली. चकचकीत फरशी काढून खरखरीत बसवली, भिंतीला धरायला स्टीलचे दांडे लावले, नळ खाली आणला. आई प्लॅस्टरमधला हात गळ्यात अडकवून दारात उभी राहून बघायची. अधूनमधून म्हणायची, "कायले एवढं?" मी म्हणायचे, "आई, घरात माणूस पडतं म्हणजे चूक घराची असते." हे मोठं वाक्य मी तिला तिच्या तोंडावर ऐकवलं. ती म्हणाली, "माहीच चूक होती. मी पाहून चालत नाही."

प्लॅस्टर निघालं, हात पूर्वीसारखा झाला नाही. पुढच्या हिवाळ्यात तिला ताप आला, तो छातीत उतरला. मी सकाळच्या गाडीनं निघाले आणि जयपूरला पोचेपर्यंत ती गेली होती. यापेक्षा जास्त त्या दिवसाबद्दल मला लिहिता येत नाही. लॉबीतल्या घंगाळात त्या दिवशीही ताज्या पाकळ्या होत्या.

बाबा वर्षभर एकटे राहिले. मग एक दिवस म्हणाले, मी भावाकडे वर्ध्याला जातो, फ्लॅट काढून टाक. मी रजा घेऊन आले. विकायच्या आधी कपाटांच्या बिजागऱ्या, एक-दोन दारं ठीक करून घ्यावीत म्हणून मिस्त्रीजींना बोलावलं. ते आता फार थकले होते, पण कानावर पेन्सिल होतीच. घरात शिरल्यावर आधी आईच्या फोटोपुढे उभे राहिले. मग म्हणाले, "माताजी ने बहुत अच्छी चाय पिलाई थी।"

मी म्हटलं, कधी? आई असताना तुम्ही इथे आलाच नव्हता.

ते स्वयंपाकघरात गेले. दाराच्या मागे ज्वारीची पत्र्याची कोठी होती, निम्मी भरलेली. ती त्यांनी पायानं बाजूला सरकवली. भिंतीवर पेन्सिलीच्या दोन रेघा होत्या. एक वर, दुसरी तिच्यापासून आठ बोटं खाली.

मिस्त्रीजींनी सांगितलं, प्लॅस्टर निघाल्यावर आईनं वॉचमनकरवी निरोप पाठवून त्यांना बोलावलं होतं. अनवाणी भिंतीशी उभी राहिली. त्यांनी माप घेतलं. तिचं कोपर ओट्याच्या दगडापेक्षाही खाली येत होतं. त्यांनी तिला सांगितलं, दोन दिवसांचं काम आहे, खालच्या कपाटांची खोकी कापायची आणि ओटा सात इंच उतरवायचा. फक्त शेगडीपाशी ग्रॅनाइट फुटेल, तो दुसरा घालावा लागेल. आईनं विचारलं होतं, मुलीला कळल्याशिवाय होईल का? ते म्हणाले, दगड बदलला तर बाईसांना कळणारच.

"फिर?" मी विचारलं.

"फिर बोलीं, रहने दो भैया। बेटी का पहला काम है। मैं नहीं तुड़वाऊँगी।"

मी जमिनीवर बसले. बाबा दारात येऊन उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते वळून देवघराकडे गेले आणि लग्नातला शिसवी पाट घेऊन आले. तो माझ्यापुढे ठेवला. ज्या पाटावर बसून आम्ही सणाला जेवायचो, ज्याला चुकून पाय लागला तर आई नमस्कार करायला लावायची, त्याच्या मधोमध दोन जागी पॉलिश उडालं होतं. दोन लहान पावलांच्या जागी.

"न्हाणीत नाई पडली ते," बाबा म्हणाले. "ह्याच्यावरून पडली. उभी राहून पोळ्या लाटे. मले शपथ घातली होती, तुले सांगू नका म्हणून."

मी ज्या न्हाणीवर चार दिवस राबले होते तिला काही झालंच नव्हतं. आणि मी समोर उभी राहून तिला सांगत होते की चूक घराची असते. तिला ते माहीत होतं. कुणाच्या घराची, हेही माहीत होतं. पाटावर पाय ठेवताना ती रोज काय म्हणत असेल? नमस्कार करत असेल का? मी बाबांना विचारलं नाही, अजूनही विचारलेलं नाही.

मी मिस्त्रीजींना सांगितलं, तोडा.

ते म्हणाले, "अब किसलिए, बाईसा? आप तो बेच रही हो।" मी म्हटलं, तोडा. दोन दिवस ते काम चाललं. ग्रॅनाइट शेगडीपाशी फुटला, त्यांनी सांगितलं होतं तसाच. मी कोटा फरशी आणवली. ओटा खालच्या रेघेच्या मापावर बसवला. त्यांनी पेन्सिलीच्या रेघेपासून दगडापर्यंत दोरी ताणून दाखवली, एक सूतही इकडेतिकडे नाही.

काम संपल्यावर मी परात काढली आणि कोठीतली ज्वारी दळून आणून भाकर थापायला घेतली. मी पाच फूट चार. मला वाकावं लागत होतं, कंबर दुखत होती, पण हाताचा भार बरोबर गोळ्यावर पडत होता. पहिली फाटली, दुसरी फाटली. तिसरी जाडजूड झाली, ती तव्यावर टाकली. बाबांनी ती दुधात कुस्करून खाल्ली. बरी झाली का, असं मी विचारलं नाही. ते म्हणाले, "औंदाची ज्वारी चांगली आहे." ज्वारी दोन वर्षांपूर्वीची होती.

पुढच्या रविवारी शहरातल्याच सोडाल्याहून एक जोडपं फ्लॅट बघायला आलं. नवरा हॉलमधल्या आरशापुढे उभा राहून खूश झाला. काठावर टेकून त्यानं पलंग दाबून पाहिला. मी त्याला सांगितलं की पलंग आखूड आहे, झोपून बघा. त्याला वाटलं मी विकायला राजी नाही. बायको स्वयंपाकघरात गेली आणि तिथूनच हाक मारली, "अरे, यह स्लैब इतना नीचा क्यों है?"

मी तिच्या मागे उभी होते. अशा वेळी त्या घरात उत्तर द्यायचं काम आईचं होतं.

हॉलमधून बाबांचा आवाज आला. दिवाणावर बसल्या जागेवरून, मोडक्यातोडक्या हिंदीत, पण मोठ्यानं आणि अगदी अभिमानानं.

"वो हमारी लड़की ने बनाया। अपनी माँ के नाप से।"

ती बाई माझ्याकडे वळली आणि कौतुकानं हसली. म्हणाली, नशीबवान आहे तुमची आई. मी मान हलवली.